उद्यावर गेलेली कथा: लिहिणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांची जी पत्रं या सदराकडे येतात, त्यांत एक वाक्य हमखास असतं: "डोक्यात सगळं तयार आहे, फक्त बसून लिहायचं राहिलंय." आमचा अनुभव वेगळा आहे. डोक्यात तयार असतो तो कथेचा विषय, एखादं माणूस, फार तर शेवटचा प्रसंग. मधे कोण कुणाला काय म्हणालं, कोण आधी उठून गेलं, कुणी गप्प बसायचं ठरवलं, हे ठरलेलं नसतं. पेन हातात घेतलं की नेमकं हेच समोर येतं आणि माणूस उठून दुसऱ्या कामाला लागतो. म्हणून खालच्या उत्तरांत मन घट्ट करण्याचा सल्ला सापडणार नाही. कथा कुठं अडली ते शोधायचं आणि तेवढ्यापुरतं काम करायचं, यावर आमचा भर आहे.

प्रश्न: सहा एकर रान आहे. सोयाबीन, तूर, विहिरीवर थोडा हरभरा. कथा लिहितो, पण पेरणी झाली की लिहीन, कोळपणी झाली की लिहीन, काढणी झाली की लिहीन, असं करत दोन वर्षं गेली. रात्री बसलो तर डोळे मिटतात. अंगात शिस्तच नाही असं वाटून स्वतःचाच राग येतो.
(एक वाचक, ता. उदगीर)

शिस्त नसलेल्या माणसाच्या रानात वेळेवर कोळपणी होत नाही, त्यामुळं तो राग आधी सोडा. चूक वेळ निवडण्यात आहे. "काढणी झाली की" ही वेळ शेतीत येतच नाही, कारण सोयाबीनची मळणी होते ना होते तोच हरभऱ्याची पेरणी अंगावर येते. मोकळा महिना शोधण्याऐवजी कामाच्या दिवसातला एक ठरलेला तुकडा शोधा.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. "मी लिहीन" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलं, तर काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्यासाठी ते वाक्य असं होईल: "सकाळी डेअरीला दूध घालून आलो की ढाळजेत बसून वही उघडीन आणि काल अर्धवट सोडलेलं वाक्य पुरं करीन." यात रोज न चुकता घडणारी घटना आहे, जागा आहे आणि हाताची पहिली हालचाल आहे. तिन्ही लागतात. पहाटे पाच किंवा रात्री नऊ अशी घड्याळाची वेळ बांधू नका. पाऊस, पाहुणे आणि लाइट ती मोडतात, आणि एकदा मोडली की "आता उद्या" सुरू होतं. दूध मात्र रोज घालावंच लागतं.

बसायचं फक्त वीस मिनिटं. हातानं लिहिलेल्या फुलस्केप पानावर साधारण २०० ते २५० शब्द बसतात, म्हणजे वीस मिनिटांत अर्धं पान ही रास्त अपेक्षा आहे. आठवड्यातून पाच दिवस असं बसलात तर साडेपाचशेच्या आसपास शब्द होतात आणि ३,००० शब्दांची कथा पाच-सहा आठवड्यांत कागदावर उतरते. दोन वर्षं रखडलेल्या माणसाला हा वेग कमी वाटायचं कारण नाही. वीस मिनिटं झाल्यावर हात चालत असला तरी वाक्य मधेच तोडा आणि त्याखाली पुढं काय होणार याची एक ओळ खरडून ठेवा: "नाना मोंढ्यातून पैसे न घेता परत येतो, बायको काही विचारत नाही." दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येत नाही. पहिली दोन मिनिटं निभावली की बाकीची अठरा आपोआप निघतात, आणि अडचण नेहमी पहिल्या दोन मिनिटांतच असते.

मोटारीला रात्रीची लाइट असते तेव्हा पाणी धरायला जावंच लागतं. तिथं वही नेऊ नका. अंधारात लक्ष पायाखाली आणि बाऱ्याकडं हवं. बारं भरेपर्यंत एका जागी थांबलात की फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण कथा सांगू नका. दोन माणसांचं बोलणं, त्यांच्या आवाजात, पाचेक मिनिटं. बोलून टाइप करायची सोय यासाठी वापरू नये, कारण ती आपल्याकडची बोली ओळखत नाही. "कामून", "व्हय", "गेलतो" यांच्या जागी भलतेच शब्द येतात आणि मग ते निस्तरण्यातच वेळ जातो. साधा आवाज ठेवा, सकाळच्या वीस मिनिटांत कानाला लावून हातानं उतरवा. उतरवताना निम्मं गळून जातं, उरतं ते सहसा कामाचं असतं.

वर्षाचाही हिशोब बांधून टाका. पेरणीचे तीन आठवडे आणि सोयाबीनच्या काढणी-मळणीचे तीन आठवडे नवं लिखाण बंद, हे वहीच्या पहिल्या पानावर तारखांसकट आधीच लिहा. या दिवसांत रोज एक ओळ टिपली तरी पुरे. आधी ठरवलेली सुटी मनाला लागत नाही. न ठरवता पडलेला खंड मात्र लाजेसारखा साचतो, आणि माणूस वहीकडं बघायचंच टाळू लागतो. सुटी संपल्यावर राहिलेली पानं भरून काढायला जाऊ नका, पुन्हा अर्ध्या पानापासूनच सुरू करा. मोठं काम, म्हणजे दीर्घकथा किंवा कादंबरी, हरभरा घरात आल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात घ्या. नोव्हेंबरच्या एका महिन्यात ५०,००० शब्द लिहायची एक प्रथा अमेरिकेतून जगभर पसरली. तिच्या नादी लागलेले काही जण आम्हाला विचारत असतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा नोव्हेंबर हरभऱ्याचा, तुरीचा आणि कापूस वेचणीचा आहे. तो महिना लिखाणाला देऊ नये.

प्रश्न: कादंबरीची सत्तर पानं हातानं लिहून झाली आहेत. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि थोरली बहीण यांच्यात जमिनीची वाटणी, असा विषय आहे. बहीण गावी येते तिथं मी अडकले आहे. दर रविवारी बसते, पहिल्या प्रकरणापासून वाचते, दुरुस्त्या करते आणि दुपार संपते. पहिलं प्रकरण आता फार चांगलं झालंय, पण एकाहत्तरावं पान नाही.
(एक शिक्षिका, परभणी)

ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकमेकींना धरून आहेत.

पहिली रविवारची. सात दिवसांचा खंड पडला की कादंबरीचा सूर कानातून जातो, म्हणून सुरुवातीपासून वाचावंसं वाटतं. वाचलं की चुका दिसतात, चुका दिसल्या की दुरुस्ती सुरू होते. त्यात काम केल्याचं समाधान खरोखर मिळतं, म्हणून ती सवय मोडत नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हेच दाखवून दिलं, की टाळाटाळ ही वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीशी जास्त बांधलेली असते. अवघड काम समोर आलं की जी अस्वस्थता होते, ती आत्तापुरती घालवण्यासाठी आपण सोपं काम जवळ करतो. तुमच्या बाबतीत ते सोपं काम म्हणजे पहिलं प्रकरण.

म्हणून सत्तर पानं फीत बांधून कपाटात ठेवा आणि किल्ली घरातल्या कुणाकडं तरी द्या. बाहेर ठेवायचं फक्त सत्तराव्या पानाचा खालचा अर्धा भाग. तो नव्या वहीत पहिल्या पानावर हातानं उतरवून घ्या. आधीच्या प्रकरणातलं काही बदलावंसं वाटलं तर वेगळ्या छोट्या वहीत लिहा: "पान अंदाजे २२, मामाचं वय जुळत नाही." तेवढंच लिहायचं, पान उघडायचं नाही. ही दुरुस्तीची वही पहिला खर्डा संपल्यावर एकदाच वापरायची. आणि रविवारच्या जोडीला बुधवारी अर्धा तास ठेवाच. बुधवारी दोनशेच शब्द झाले तरी चालतील, त्या अर्ध्या तासामुळं रविवारी मागचं वाचायची गरज उरत नाही.

दुसरी अडचण खरी कादंबरीची आहे. बहीण दारात आली, पण तिला काय हवंय ते तुम्ही ठरवलेलं नाही. वडिलांच्या वाटणीचा प्रसंग आहे. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणून भावांना तिची सही लागते. ती हक्कसोड पत्रावर सही करायला आली आहे, की हिस्सा मागायला? की स्वतःलाही माहीत नसताना आली आहे? या तिन्हींतून तीन वेगळ्या कादंबऱ्या निघतात. ठरवल्याशिवाय तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर तिला बोलायला काही नसतं, आणि लिहिणारी पहिल्या प्रकरणाकडं पळते.

एक कार्ड घ्या आणि चार ओळी लिहा. ती काय मागायला आली. तिला कोण, कसं अडवतं. ती कोणती गोष्ट तोंडावर आणणार नाही. प्रसंग संपताना काय बदललेलं असेल. नमुन्यादाखल असं धरू: भावांना वाटतं ती सही करायला आली, तिला आधी आईच्या पाटल्या कुणी घेतल्या ते जाणून घ्यायचंय, धाकट्यानं कागद तयार करून दिवळीत ठेवलाय, पण विषय काढायची हिंमत वहिनीवर ढकललीय, नवऱ्यानं हिस्सा आणायला बजावून पाठवलंय, हे ती सांगणार नाही, शेवटी कागद दिवळीतच राहतो आणि ती मुक्काम करायचं ठरवते. आता लिहून बघा:

"बस की अक्का, दमली असशील."
"बसते. आईच्या पाटल्या कुणापशी हायत?"
"आल्या आल्या?"
"मागच्या खेपेला जाता जाता इचारलं, तवा म्हणलास पुढच्या टायमाला बघू."
वहिनी आतून म्हणाली, "आधी दोन घास खा. मग त्या कागदाचं बघू."
"कोणता कागद?"

एवढं झाल्यावर पुढची ओळ शोधावी लागत नाही, कारण धाकट्याला आता काहीतरी बोलावंच लागेल. कार्डावरच्या चार ओळींना पंधरा मिनिटं लागतात. प्रत्येक प्रसंगाआधी हे करा, आणि शक्यतो आदल्या संध्याकाळी, लिहायच्या वेळी नको. ठरवणं आणि लिहिणं एकाच बैठकीत आलं की दोन्ही अर्धवट राहतात.

एवढ्यानंही प्रसंग हलला नाही तर तो दहा-दहा ओळींत तीन प्रकारे लिहा: ती दुपारच्या बसनं येते, ती आदल्या रात्रीच येऊन झोपलेली आहे, ती येतच नाही, फोन येतो. ज्यात पहिलं वाक्य सहज आलं तो ठेवा. नाहीतर पुढचा ठाऊक असलेला प्रसंग आधी लिहा आणि पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा, "मधलं राहिलं: पाटल्या सापडतात की नाही." तलाठ्याचं नाव, गट नंबर, स्टॅम्प पेपरची किंमत अशा बारक्या गोष्टींसाठी चौकोनी कंस टाकून पुढं जा. एका गट नंबरासाठी फोन हातात घेतला की तास जातो.

आकड्यांत सांगायचं तर तुमची सत्तर पानं म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास शब्द आहेत. छापील दोनशे पानांच्या कादंबरीला साधारण पन्नास हजार लागतात, म्हणजे पस्तीस हजार राहिले. आठवड्याला चार बैठका आणि दर बैठकीला ३०० शब्द धरले तर सात महिने. फक्त रविवार-बुधवार जमले आणि रविवारी हजार, बुधवारी दोनशे झाले, तरी हिशोब तोच येतो.

प्रश्न: संभाजीनगरला अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासाला बसलो की कथा सुचते, कथेला बसलो की अभ्यास बुडाल्यासारखं वाटतं. शेवटी दोन्ही राहतं आणि मोबाईल हातात येतो.

मित्रा, अभ्यासाच्या वेळी सुचलेली कथा लिहायला घेऊ नकोस. टेबलावर पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी ठेव, एक ओळ टिप, पुस्तकाकडं परत ये. कथेची वेळ दिवसाच्या शेवटी, अभ्यासिकेतून निघायच्या आधीची पंचवीस मिनिटं. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन तरुणानं विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकात, स्वयंपाकघरातलं गजर-घड्याळ लावून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत बसवली. तुला तिचा एकच तुकडा पुरे. गजर फोनवर लावू नकोस, हातातलं घड्याळ वापर, कारण वेळ बघायला उचललेला फोन खाली जात नाही. फोन बंद करून सॅकमध्ये, सॅक खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीची तीन मिनिटं कालचा शेवटचा परिच्छेद हातानं पुन्हा लिहून काढ. डोकं चालू अभ्यासातून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. मुख्य परीक्षेच्या आधीचे दोन महिने कथा बंद ठेव आणि पुन्हा सुरू करायची तारीख वहीवर घाल.

प्रश्न: रझाकाराच्या काळावर कादंबरी लिहायची आहे. पाच वर्षं वाचतोय, टिपणांच्या वह्या भरल्या आहेत. अजून पुरतं कळलं नाही असं वाटतं, म्हणून एक ओळ लिहिली नाही.
(बीड जिल्हा)

वाचन हे प्रतिष्ठेचं काम आहे, म्हणून त्याआड लपलेली टाळाटाळ घरच्यांनाही दिसत नाही आणि स्वतःलाही. एक कसोटी लावा: गेल्या दोन महिन्यांत मिळालेल्या माहितीनं तुमच्या मनातला एखादा प्रसंग बदलला का? बदलला नसेल तर वाचन थांबवायची वेळ झाली आहे.

माहितीचे दोन भाग करा. काही गोष्टी चुकल्या तर कादंबरीच कोसळते, त्या आधी पक्क्या हव्यात. भारताच्या फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे ऑगस्टमधल्या तुमच्या पात्रांना सुटका इतकी जवळ आहे हे माहीत असू शकत नाही. त्यांचं प्रत्येक बोलणं त्या अज्ञानातून यायला हवं. त्या काळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि हिंगोली परभणीत. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हे झाले, त्यामुळं "लातूर जिल्ह्यातलं एक गाव" असं १९४८ च्या पात्राच्या तोंडी आलं की वाचक तिथंच थांबतो. चलन हाली शिक्का होतं, इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. सरकारी कारभार उर्दूत चाले. या शेवटच्या गोष्टीतच एक अख्खा प्रसंग आहे: गावात नोटीस येते, ती वाचू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो खरं वाचून दाखवतोय की नाही हे कुणालाच कळत नाही. तुमच्या वह्यांतून असे प्रसंग काढा, माहिती काढू नका.

धोतरजोडीचा भाव, शाळेतल्या पुस्तकाचं नाव, त्या दिवशी पाऊस होता की नाही, हा दुसरा भाग. त्याला चौकोनी कंस. चौदा दिवस वह्या बंद ठेवून जेवढं डोक्यात आहे त्यावर लिहा, मग एका दुपारी कंस मोजून फक्त तेवढंच शोधा. कित्येक कंस शोधावेच लागत नाहीत, कारण ते वाक्यच पुढं गळून पडतं.

एका बाबतीत मात्र आज-उद्या करू नका. १९४८ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. कागद पुढच्या वर्षीही दप्तरखान्यात असतील. म्हाताऱ्या माणसांकडं या आठवड्यात जा. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा आणि एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका, ती थकतात. "तेव्हा कसं होतं?" असं विचारलं की शिकवलेलं भाषण मिळतं. दाणे कुठं पुरले होते, रात्री कोणत्या वाटेनं गेलात, लेकरं रडू नयेत म्हणून काय केलं, असं विचारा.

प्रश्न: वर्षभरापूर्वीपर्यंत रोज लिहायचो. आता लिहायचीच नाही, कशाचीच इच्छा होत नाही. झोप नीट नाही, जेवणावर वासना नाही. ही टाळाटाळ कशी घालवू?
(नांदेड)

तुम्ही लिहिलेलं टाळाटाळीसारखं दिसत नाही. टाळणारा माणूस लिखाण सोडून दुसऱ्या कशात तरी रमतो. कशातच मन रमत नाही, झोप-भूक गेली आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जाता येईल. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येतं. आजच फोन लावा. वही तोवर मिटलेली राहू द्या, तिचं काही बिघडत नाही.

प्रश्न: कथा माझ्या जावेवरून सुचली आहे. लिहायला बसले की वाटतं, घरात कुणी वाचलं तर? मग दळण काढते, कपाट आवरते.
(हिंगोली)

ताई, लिहिणं आणि छापायला देणं हे दोन निर्णय आहेत. तुमच्या मनात ते एक झालेत. आज फक्त पहिला घ्यायचा आहे. वही माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवता येत असेल तर तशी ठेवा, फोनवर लिहीत असाल तर कुलूप लावा. कुणाच्या हाती लागेल ही धास्ती असताना वाक्यं गुळगुळीत होतात, आणि गुळगुळीत वाक्यांचा स्वतःलाच कंटाळा येतो.

पात्र बदलायचं ते लिहायच्या आधी. खर्डा झाल्यावर नाव बदलून भागत नाही, कारण तोवर प्रत्येक वाक्य जावेच्या आवाजात बसलेलं असतं. तीन गोष्टी बदला: नातं, उद्योग आणि सगळ्या गोतावळ्याला ठाऊक असलेली ती एक घटना. जाऊ असेल तर शेजारीण करा, घरी शिलाई करणारी असेल तर अंगणवाडीत मदतनीस करा, दवाखान्याचं प्रकरण असेल तर कर्जाचं करा. तिच्या मनाचा पीळ तेवढा तसाच ठेवा. बदल केल्यावर कथा मोडून पडली तर समजा की हातात कथा नव्हती, घडलेली हकिकत होती, आणि अजून विचार हवा. उभी राहिली तर ती जावेची उरली नाही, निर्धास्त लिहा. पहिली वाचणारी नात्याबाहेरची असावी. तिला एवढंच विचारा: ही बाई तुला कुणासारखी वाटली?

प्रश्न: दिवाळी अंकाला कथा कबूल करतो आणि शेवटच्या दोन रात्रींत लिहितो. छापून येते, पण शेवट दरवेळी गुंडाळलेला असतो.
(जालना)

शेवट गुंडाळला जातो कारण तो सगळ्यात थकलेल्या तासात लिहिला जातो. तारखेपासून मागं मोजा. समजा १५ ऑगस्टला ४,००० शब्द द्यायचे आहेत. टायपिंग आणि तपासणीला दोन दिवस, पुनर्लेखनाच्या तीन बैठकांना पाच-सहा दिवस, त्याआधी कथा नुसती पडून राहायला आठ दिवस. म्हणजे खर्डा जुलै संपायच्या आत हवा. बैठकीला २५० शब्द धरले तर सोळा बैठका, आठवड्याला चार म्हणजे चार आठवडे. सुरुवात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. घरची शेती असेल तर ते दिवस पेरणीचे, तेव्हा मे महिन्यातच हात घाला.

चौथ्या-पाचव्या बैठकीत शेवट लिहून टाका, कच्चा का असेना. पुढं तो बदलेल, पण मधला भाग कुठं जायचंय हे कळून लिहिला जाईल. पडून राहायचे आठ दिवस कापू नका. कथा ताजी असताना आपल्याला जे म्हणायचं होतं तेच कागदावर दिसतं, तिथं जे नाही ते दिसत नाही. स्वतःच स्वतःला दिलेली तारीख सहसा पाळली जात नाही. एखाद्या लिहित्या मित्राला सांगून ठेवा, की अमुक सोमवारी पहिले हजार शब्द तुझ्या हातात असतील. त्यानं मत द्यायची गरज नाही, पानं ताब्यात घेतली की झालं. आणि कथा त्याला तोंडी सांगू नका. एकदा रंगवून सांगितली की सांगायची भूक भागते आणि लिहायचा जोर जातो.

कथा कबूल करतानाच संपादकांना शब्दमर्यादा आणि फाइल कशी हवी ते विचारा. आता बहुतेक ठिकाणी युनिकोड मागतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात, ती तपासायला एक पूर्ण संध्याकाळ धरा. आणि आठ दिवस आधी कथा होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी फोन करून कळवा. संपादकांना तेवढ्या दिवसांत दुसरी कथा मिळू शकते, आणि तुमची पुढच्या अंकासाठी नीट पुरी होते.